सुपरवायझरच्या भीतीचा ठराव

इमारतींना बाहेरून रंग लावून घेणं हे माझं तीस वर्षांचं काम. आधी चार मजली, मग सात, पुढे पुढे चौदा आणि बावीस मजली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी वस्ती नसेल जिथे मी मान वर करून उभा राहिलेलो नाही. ‘मान वर करून’ हे शब्द जरा जपून वाचा. कारण या तीस वर्षांत मी स्वतः कामासाठी सर्वांत उंच चढलो ते नऊ फूट, आणि उतरायला मला सात तास लागले.

मला उंचीची भीती वाटते. लोकांची समजूत अशी की खाली बघितलं की चक्कर येते. मला चक्कर येत नाही. माझे तळपाय कुणीतरी गार पाण्यात ठेवल्यासारखे होतात, आणि जवळ जे काही असेल ते माझे हात धरून ठेवतात. मला न विचारता. मग मी कितीही समजावलं तरी ते सोडत नाहीत.

हे मला पहिल्यांदा कळलं ते डोंबिवली पूर्वेला. तोवर मी घरातल्या भिंती रंगवायचो. माझा हात चांगला म्हणून शेठनी मला बाहेरच्या कामावर पाठवलं. शेठ म्हणजे आमचे कंत्राटदार. इमारतीला बांबूची परांची बांधलेली होती. मी ब्रश आणि डबा घेऊन नऊ फुटांवरच्या फळीवर चढलो, सहज खाली बघितलं आणि संपलं. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात बांबू. बांबू सुटेना. पुढे सरकता येईना, खाली उतरता येईना. समोर एक खिडकी होती. काहीतरी करत राहायला हवं म्हणून मी तिच्या भोवतीची भिंत रंगवायला घेतली. रंगवली. वाळली. पुन्हा रंगवली. दुपारी जेवायला हाक आली तेव्हा ‘काम अर्धं सोडवत नाही’ म्हणालो.

संध्याकाळपर्यंत त्या खिडकीला पाच हात बसले. तशी खिडकी त्या काळी अख्ख्या डोंबिवलीत नसेल. इमारतीचे सेक्रेटरी माणसं आणून दाखवायला लागले. शेठ आले, त्यांनी खिडकी बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, “एवढं मन लावून काम करणारा माणूस वर कशाला ठेवायचा? याला सुपरवायझर करा.”

अशी माझी बढती झाली. भीतीपोटी बढती मिळालेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

सगळे गेल्यावर मला खाली उतरवलं ते बाळारामने. परांची बांधणारा हा कोपरच्या खाडीकडच्या गावातला आगरी माणूस, माझ्याच वयाचा. त्याने काही विचारलं नाही. खाली उभा राहिला आणि माझा एकेक पाय हाताने धरून एकेका बांबूवर ठेवत गेला. जमिनीवर आल्यावर एवढंच बोलला, “साहेब, तुमी खाली ऱ्हावा. वरचा सगला मी बगतो.”

मी सुपरवायझर झालोय हे त्याला कुणी सांगितलेलं ते कळलं नाही, पण मला साहेब म्हणणारा तो पहिला. आणि मी वर अडकल्याची गोष्ट त्याने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही.

परांच्या गेल्या, झुले आले. झुला म्हणजे एक फळी आणि एक दोर. दोर गच्चीवरच्या खांबाला बांधायचा, फळीवर बसायचं आणि कठड्यावरून पाय बाहेर टाकायचे. बाळाराम झुल्यावर बसायचा, मी खाली. आता खाली बसून काय कळतं, असं तुम्ही विचाराल. पुष्कळ कळतं. रंगारी चोरी करतो ती एसीच्या मागे आणि पाइपांच्या आड, एक हात मारून दोन सांगतो. दुपारी चारच्या सुमारास ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा ते बरोबर उघडं पडतं. जिथे एकच हात तिथे चट्टे दिसतात. प्लास्टर आतून सुटलं असेल तर भिंत किंचित पोट काढते, आणि ते पोट भिंतीला नाक लावून बसलेल्याला दिसत नाही. गॅलरीचा तळ तर खालूनच दिसतो. मी चांगला सुपरवायझर होतो. हे मी घाबरट होतो म्हणूनच जमलं, पण जमलं.

लोकांना मात्र झुल्यावरचा माणूस दिसला की आपली कामं आठवतात. ‘अहो, तेवढा टॉवेल काढा छज्ज्यावरचा.’ ‘कबुतराचं घरटं बघा हो जरा.’ कल्याणला एका आजोबांची कवळी गॅलरीतून खोकताना उडून खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर पडली. बाळारामने ती काढून दिली, तर आजोबांनी ती तिथल्या तिथे घालून बघितली आणि म्हणाले, “ही माझी नाही.” आता चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर दुसरी कवळी कुणाची असणार? बाळाराम दोरावर लटकून वाद घालतोय, आजोबा तोंड उघडून दाखवतायत की बघा, बसत नाही. शेवटी सुनेने ती धुऊन आणली, तेव्हा बसली.

वय वाढलं तशी माझी नजर कमी झाली. इमारती मात्र वाढतच होत्या. म्हणून मी ठाण्याच्या बाजारातून एक दुर्बीण घेतली. आणि दुर्बिणीनेच घात केला.

घोडबंदर रोडच्या आतली चौदा मजली सोसायटी. वॉचमनच्या केबिनजवळ माझी प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर वही, डोळ्यांना दुर्बीण, कानाला फोन. बघायचं, लिहायचं, बाळारामला सांगायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो आला. खाली लिहिलेलं : ‘हा इसम रोज दुर्बिणीने आपल्या घरांत बघतो. आपण किती दिवस सहन करायचं?’

फोटो टाकलेला नवव्या मजल्यावरच्या खरे मॅडमनी. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, गणिताच्या. शनिवारी संध्याकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये तातडीची सभा लागली. शेठना फोन केला तर ते म्हणाले, “तिथल्या तिथे मिटव. पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही.”

चेअरमन होते लिमये. बँकेतून निवृत्त झालेले. कागद दिसला की आधी त्याची मागची बाजू बघणारे. त्यांनी माझी वही जप्त केली आणि सभेसमोर वाचायला घेतली.

“सातशे चार. खालची बाजू सुटली आहे. झाकून घेणे.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“अकराशे एक. अजून ओली आहे. दोन दिवसांनी परत बघणे.”

अकराशे एकच्या बाई पदर सावरून नवऱ्याकडे बघायला लागल्या.

“नऊशे तीन,” लिमयांचा आवाज चढला, “मागची बाजू फारच फुगली आहे. उद्या बाळारामला हात लावून बघायला सांगणे!”

नऊशे तीन म्हणजे खरे मॅडम. त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता चप्पल येणार. पण त्या थंड आवाजात म्हणाल्या, “हा बाळाराम कोण?”

मी घाईघाईने सांगायला लागलो की हे सगळं भिंतींबद्दल आहे. सातशे चारचा छज्जा, अकराशे एकची रंगाखालची पुट्टी. नऊशे तीनच्या तर गॅलरीचा तळ मागच्या बाजूला आतून सुटलाय, लोखंड गंजून फुगलंय, खाली मुलं खेळतात, आणि तिथे आमचा रंगारी बाळाराम हातोडीने वाजवून बघायला गेला तर मॅडमनी आवाजाची तक्रार करून काम थांबवलं. काही माना हलल्या. माझ्या जीवात थोडा जीव आला.

“ते ठीक आहे,” लिमये म्हणाले, “पण मग दुर्बीण कशाला? मागच्या वेळचे सुपरवायझर स्वतः वर जायचे. तुम्ही आठ दिवसांत एकदाही गच्चीवर गेला नाहीत. वॉचमनचं रजिस्टर आहे माझ्याकडे.”

आता बोलण्यावाचून इलाज नव्हता. तीस वर्षं बायकोलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं ते मी ऐंशी माणसांसमोर बोललो. “मला उंचीची भीती वाटते.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हॉल फुटला. मी मान खाली घालून बसलो. लिमये मात्र हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, “पुरावा काय?”

“कसला पुरावा?”

“भीती वाटते याचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट?”

“नाही.”

“मग कशावरून? उद्या कुणीही दुर्बीण घेऊन बसेल आणि म्हणेल मला भीती वाटते.”

यावर पाऊण तास चर्चा झाली. एकाने मला जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसवायला सुचवलं. एकाने हॉलमधल्याच टेबलावर उभं करायला सांगितलं. ते उंचीत मोडत नाही म्हणून फेटाळलं गेलं. शेवटी रीतसर ठराव झाला : ‘सदर सुपरवायझर यांस उंचीची भीती खरोखर वाटते किंवा कसे, याची त्रिसदस्यीय समितीने गच्चीवर प्रत्यक्ष पाहणी करावी. भीती न आढळल्यास पोलिसांत तक्रार देण्यात यावी.’ समितीत लिमये, सेक्रेटरी आणि तक्रारदार म्हणून खरे मॅडम.

घरी आलो. डोंबिवली पश्चिमेला आमचं घर, अर्थातच तळमजल्यावर. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, मग बरंच की. जायचं आणि घाबरायचं. त्यात काय अवघड आहे?”

अवघड हेच होतं. तीस वर्षं मी भीती लपवायची प्रॅक्टिस केलेली. आता ती मागणी केल्याबरोबर आली नाही तर? दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला लिफ्टमधून वर जाताना मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की आपण घाबरलो नाही तर काय होणार.

आणि झालंही तेच. गच्चीचं दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं. लख्ख ऊन. लिमये पॅडवर कागद लावून सज्ज. खरे मॅडम दारातच थांबल्या. मी चार पावलं चाललो. काही नाही. टाकीपाशी पोचलो. काही नाही.

“वाटतेय का?” लिमयांनी विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

“नोंद घ्या,” ते सेक्रेटरींना म्हणाले. “दहा वाजून सहा मिनिटं. भीती नाही.”

माझ्या डोळ्यांसमोर पोलीस चौकी आली. मी थोडं थरथरून दाखवायचा प्रयत्न केला, पण मलाच ते बरोबर वाटेना. लिमये म्हणाले, “कठड्याजवळ जा.” गेलो. तीन पावलं राहिली असतील, आणि कठड्याच्या पलीकडून, जिथे नुसतं आकाश असायला हवं तिथून, बाळारामचं डोकं वर आलं.

“साहेब! तुमी? वर?”

बिचारा रविवारीसुद्धा राहिलेलं काम उरकायला दोरावर होता. त्याला काय माहीत. पण त्याचं डोकं दिसलं आणि मला एकदम त्याच्या पायांखाली काय आहे ते दिसलं. चौदा मजले, रिकामे. तळपाय गार झाले. पुढचं मला नीट आठवत नाही. सेक्रेटरींनी नंतर सांगितलं की मी उभ्याचा आडवा झालो, सरपटत मागे गेलो आणि टाकीच्या पाइपला मिठी मारली.

लिमये जवळ आले. वाकून निरखून बघितलं. “खरंच भितात हो,” ते म्हणाले. आवाजात आदर होता. “दहा वाजून अकरा. भीती आढळली. चला, झालं तुमचं काम. उठा.”

उठणार कसा? हात सुटत नव्हते. सेक्रेटरींनी बोटं सोडवून बघितली, एक सोडवलं की दुसरं बसायचं. आणि एवढ्यात लिमयांचा फोन वाजला. मग सेक्रेटरींचा. ए विंगचं पाणी गेलं होतं. पाइपला मिठी मारताना त्यावरच्या वॉल्व्हचा दांडा माझ्या छातीखाली दबून बंद झाला होता, आणि मी हलल्याशिवाय तो उघडता येत नव्हता. रविवारी सकाळी सव्वादहाला छप्पन्न घरांचं पाणी बंद. माणसं साबण लावून उभी.

लिमये आधी रागावले, मग विनवायला लागले. फोनवर लोकांना सांगत होते, “अहो, कमिटीचाच ठराव आहे ना... पाहणी चालू आहे... हो, भीती वाटते, पण आता ते थांबत नाहीयेत!” बाळाराम कठडा ओलांडून आला आणि माझ्याजवळ बसला, पण त्याला बघितलं की मला कठडाच दिसायचा. मी डोळे मिटून घेतले.

मग दारातून आवाज आला. खणखणीत, वर्गावरचा.

“सुपरवायझर! डोळे उघडा. माझ्याकडे बघा. आकाशाकडे नाही, माझ्याकडे. एकोणतीसचा पाढा येतो?”

“येत होता,” मी म्हणालो.

“म्हणा. एका ओळीला एक हात पुढे. एकोणतीस एके?”

“एकोणतीस.”

“हात सोडा. पुढे टाका. दुणे?”

“अठ्ठावन्न.”

कसं कोण जाणे, डावा हात सुटला. मी सरकलो. माझ्या पोटाखालून सेक्रेटरींनी झटकन वॉल्व्ह उघडला आणि खाली कुठेतरी कुणीतरी हुश्श केलं असणार. सत्त्याऐंशी. एकशे सोळा. मी गुडघ्यांवर दाराच्या दिशेने निघालो. सातावर अडकलो.

“एकशे त्र्याण्णव,” लिमयांनी मदत केली.

“दोनशे तीन!” मॅडम कडाडल्या. “बँकेत होतात ना तुम्ही? मध्ये बोलू नका. सुपरवायझर, आठे?”

दोनशे नव्वदला मी उंबऱ्याशी पोचलो आणि जिन्याच्या भिंतीला टेकलो. तेव्हा बघितलं, खरे मॅडमनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती. बोटं पांढरी पडली होती. पाहणीच्या अर्ध्या तासात त्यांनी एक पाऊलही बाहेर टाकलं नव्हतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “तुम्हीपण?”

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “लिमये अजून नोंदी घेतायत.”

आम्ही जिन्याने उतरलो, दोघंही भिंतीच्या बाजूने. वाटेत त्यांनी सांगितलं. नववा मजला यजमानांना हवा होता, वाऱ्यासाठी. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. बारा वर्षांत त्या स्वतः गॅलरीत एकदाही गेल्या नव्हत्या. पडदा कायम ओढलेला. झुल्यावरची माणसं गेली का ते बघायला त्या दिवशी बोटभर पडदा सारला, तर खाली केबिनजवळ मी, दुर्बीण थेट त्यांच्यावर. “आणि हातोडीचा आवाज यायला लागला की मला वाटायचं सगळं घरच खाली चाललंय,” त्या म्हणाल्या. “ते कुणाला सांगायचं? म्हणून आवाजाची तक्रार केली.”

“गॅलरी वाजवून बघायलाच हवी, मॅडम.”

“वाजवा. पण मी तेव्हा बहिणीकडे जाईन.”

सोमवारी त्या बहिणीकडे गेल्या. बाळारामने गॅलरीचा तळ वाजवला आणि चौथ्या ठोक्याला पोळपाटाएवढा तुकडा निखळून खाली आला. खालची जागा आम्ही आधीच दोर लावून मोकळी ठेवलेली होती. आतलं लोखंड बोटांनी चुरत होतं. माझ्या वहीतली ओळ बरोबर निघाली. लिमयांनी मला सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, प्रमाणपत्र दिलं : ‘यांस उंचीची भीती असल्याचे समितीस समाधानकारकरीत्या आढळून आले.’ मी ते लॅमिनेट करून घेतलंय.

त्या दुपारी बाळाराम खाली उतरून माझ्याशेजारी चहा पीत बसला. कालचा प्रकार आठवून अधूनमधून हसत होता. मी विचारलं, “बाळाराम, तुला कधीच भीती नाही वाटली रे?”

तो हसायचा थांबला.

“रोज वाटते साहेब.”

“रोज?”

“पाय भाईर टाकताना. रोज. मी खाली बगतच नाय. भिंतीकडंच बगतो, रंगाकडं. तीस वरसात एकदा पन खाली नाय बगला.”

“अरे, मग बोलला का नाहीस?”

“इचारला कुनी?” तो म्हणाला. रागाने नाही. साधंच. चहा संपवून ग्लास विसळायला गेला.

मी तिथेच बसून राहिलो. माझ्या भीतीसाठी सभा झाली होती, ठराव झाला होता, तीन माणसं पॅड घेऊन गच्चीवर आली होती. आणि या माणसाला मी इतकी वर्षं एका दोरावर खाली सोडत आलेलो. दुसरा दोर, कमरेच्या पट्ट्याला स्वतंत्र बांधायचा, असतो हे मला माहीत होतं. मोठ्या कंपन्यांच्या कामावर मी बघितलेला. आमच्या शेठने आणला नाही, आणि मी मागितला नाही. का? तर बाळारामला भीती वाटत नाही, असं मी ठरवून टाकलेलं. तो घाबरत नाही म्हणूनच तर मी खाली बसू शकत होतो. याचं मला आजही वाईट वाटतं. कुणाला पुढे काही झालं नाही, हे आमचं नशीब. माझं कर्तृत्व नाही.

मंगळवारी मी काम चालू होऊ दिलं नाही. शेठचा फोन आला, मी सांगितलं, दुसरा दोर आणि पट्टे आल्याशिवाय कुणी पाय बाहेर टाकणार नाही. ते ओरडले. म्हणाले, माणसं तक्रार करत नाहीत, तुझं काय बिघडलंय? मी म्हणालो, शेठ, माणसांना भीती वाटते. त्यांनी फोन आपटला. दोन दिवसांनी दोर आले.

गुरुवारी सकाळी बाळारामने दुसरा दोर पट्ट्यात अडकवला, दोनदा ओढून बघितला आणि खाली उतरायला लागला. मी कम्पाउंडमध्ये होतो. नवव्या मजल्यापाशी झुला थांबला. मला वाटलं काहीतरी अडकलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“काय झालं रे?”

“काय नाय,” बाळाराम म्हणाला. “साहेब, खाली बगितला आज. तुमचा टक्कल जाम चमकतं वरून.”